पहिल्या मोठ्या पावसात तुमची माती कुठे जाते? अनुभव लिहा

मृग तोंडावर आलाय. बियाणं, खतं, पेरणीचे दर यांची चौकशी सगळीकडे सुरू झाली आहे. पण ज्या मातीत हे सगळं पडणार, ती पहिल्याच धुवाधार पावसात ओढ्याला जाऊन मिळते, त्याबद्दल फार कमी बोललं जातं. वरची वीतभर माती हीच खरी कसदार. सेंद्रिय कर्ब तिच्यात, गांडुळं तिच्यात, मागच्या वर्षीच्या शेणखताचे पैसेही तिच्यातच. म्हणून हा धागा. शेत असो, परस असो की गच्ची, माती जागेवर राहावी म्हणून तुम्ही काय करता आणि कोणत्या महिन्यात करता, ते सविस्तर लिहा. जमीन कशी आहे आणि भाग कोणता हे जरूर सांगा, कारण कोकणातला उपाय सोलापुरात लागू पडत नाही.

सुरुवात मी करतो. पुरंदर, हलकी मुरमाड जमीन. 1972 च्या दुष्काळी कामांतले बांध आमच्या माळावर अजून दिसतात. पण बांध म्हणजे शेवटचा अडसर. पाणी पळूच नये, हे काम पेरणीचं. आमच्याकडे नांगरट, पाळी, पेरणी सगळं उताराला आडवं होतं. ट्रॅक्टरवाल्याला लांब तास सोयीचं, म्हणून तो उतारानेच घालू बघतो. त्या दिवशी बांधावर उभं राहून काम करून घ्यायचं. दुसरं म्हणजे सांडवा (बांधातून जादा पाणी सोडायची वाट) दगडाचा हवाच. तो नसला की पाणी बांधाच्या कच्च्या जागी वाट काढतं आणि दोन पावसांत तिथे घळ पडते. बांधावर मारवेल लावलंय, माती धरतं आणि जनावरांना चाराही होतो. बांधावर तणनाशक मारणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती, ते थांबवा. गवताच्या मुळ्या गेल्या की बांध गेलाच.

मंगळवेढा, खोल काळं रान
आमचं पीक रब्बीचं, त्यामुळे खरिपात रान मोकळं असतं. मोकळं म्हणून दुर्लक्ष केलं की पावसाळाभर माती वाहते आणि ओलही मुरत नाही. आम्ही जूनच्या शेवटी, जुलैत बळीराम नांगराने उताराला आडवे सारे (मातीचे लांब वरंबे) पाडतो, मध्ये मध्ये आडवे वरंबे घालून वाफे बंद करतो. पाऊस ज्या वाफ्यात पडला त्याच वाफ्यात मुरला पाहिजे. मग सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत ज्वारी. उत्तरा आणि हस्त ही आमची नक्षत्रं. वाण अजूनही मालदांडीच.

पुढचं काम भेगांचं. काळं रान वाळताना आकसतं, भेगा पडतात आणि खालची ओल त्यांतून उडून जाते. म्हणून पीक 3 आठवड्यांचं झालं की फटीचं कोळपं (ओळींमधून ओढायचं तण काढायचं अवजार, पात्यात मधे फट असलेलं), 5 आठवड्यांनी अखंड पासेचं (सलग पात्याचं), आणि 8 आठवड्यांनी दातेरी कोळपं. ही तिसरी कोळपणी बरेच जण सोडतात, कारण तोवर तण उरलेलं नसतं. पण ती तणासाठी नाहीच. दातेरी कोळप्याने वरची माती भुसभुशीत होऊन भेगांत उतरते आणि भेगा बुजतात. ज्या वर्षी परतीचा पाऊस दगा देतो, त्या वर्षी कणसात दाणा भरतो तो या एका पाळीमुळे.

यवतमाळ, मध्यम काळी, सोयाबीन-तूर आणि पऱ्हाटी (कापूस)
पहिली गोष्ट, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. एका सरीवर हुरळून पेरलं की दुबार पेरणीची पाळी येते. दुसरी गोष्ट फुकटातली. पीक महिन्याभराचं झालं की शेवटच्या डवरणीला (कोळपणीला) डवऱ्याच्या जानोळ्याला (पास धरणाऱ्या दांड्याला) दोरी घट्ट गुंडाळायची. माती दोन्ही बाजूंच्या ओळींना लागते आणि मधे सरी पडते. दर तीन-चार ओळींनी अशी सरी ठेवली की जोराच्या पावसात पाणी साचत नाही आणि उघडीप पडली तर तीच सरी ओल धरते. सरी मात्र उताराला आडवी हवी.

कोल्हापूर, ऊस
पाचट (उसाची वाळलेली पानं) जाळू नका, एवढंच सांगायला आले आहे. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. ते एकाआड एक सरीत दाबायचं, त्यावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकून पाणी द्यायचं. आमच्या खोडव्यात (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेल्या पिकात) पाण्याच्या पाळ्या लांबल्या, तण कमी झालं. शेजारच्या फडाला काडी लावली की ठिणगी आपल्याकडे येते, म्हणून शेजाऱ्यांनाही सोबत घ्यावं लागतं.

कर्जत, भात
आम्ही नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा पद्धतीने गादीवाफ्यांवर भात करतो. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच राहतात आणि त्याच वाफ्यांवर वाल घेतो. चिखलणी बंद झाल्यापासून खाचरातून निघणारं पाणी बरंच नितळ असतं.

दापोली, वरकस (उताराची हलकी) जमीन
कर्जतच्या ताईंना किंवा दादांना विचारायचं होतं, तणनाशकाशिवाय जमतं का? मला ते नको आहे. आम्ही राब भाजणं (रोपांच्या जागेवर फांद्या-पाला जाळणं) बंद केलं, कारण त्यासाठी झाडाच्या फांद्या तुटायच्या आणि डोंगर उघडा पडायचा. आता बांधावर गिरिपुष्प (हिरवळीच्या खताचं झाड) लावलंय, त्याचा पाला लावणीआधी चिखलात घालतो. उतारावर नाचणी करतो, तिथे काजूच्या ओळींत आडवे चर खणलेत.

कर्जत (उत्तर)
तणनाशक लागतं, खोटं नाही सांगणार. तण जमिनीलगत कापून तिथेच पसरायचं, हे थोड्या जागेत जमतं. मोठ्या खाचरात मजूर मिळत नाहीत.

बार्देस, गोवा
आमच्या खाजन शेतीत (खाडीकाठच्या सखल शेतीत) माती टिकवायची म्हणजे भरतीचं खारं पाणी बाहेर ठेवायचं. त्यासाठी मातीचे बांध आणि मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार). पावसाने मीठ धुऊन गेल्यावरच भात, आणि खारं सोसणारं कोरगूट बियाणं. बांध एका ठिकाणी फुटला तरी सगळ्यांचीच शेतं खारी होतात, म्हणून देखरेख एकट्याने होत नाही.

पुणे, गच्चीवरची बाग
कुंडीतली मातीही वाहते, गच्चीच्या पन्हाळीत तपकिरी गाळ दिसतो तो तीच. मी पानगळीत सोसायटीतली कोरडी पानं पोत्यांत भरून ठेवते आणि जूनआधी प्रत्येक कुंडीवर चार बोटं जाड थर देते. पावसाचा थेंब थेट मातीवर आपटत नाही. सप्टेंबरपर्यंत तो थर कुजून काळा होतो, मग त्यातच मेथी आणि पालक पेरते.

पुरंदर
मंगळवेढ्याच्या मित्रांनी वाफ्यांचं लिहिलंय ते आमच्या मुरमाड उतारावर चालेल का, हे विचारणार होतो. आमच्याकडे उथळ माती, पाणी लवकर झिरपतं. ज्यांनी हलक्या रानात बंदिस्त वाफे केलेत, त्यांनी कृपया लिहा, आणि वाफ्याची लांबी-रुंदीही सांगा.