बाहेरच्या मॉनिटरचा ब्राइटनेस कीबोर्डवरून बदलता येतो का? आणि विंडो रोज जागच्या जागी कशा आणायच्या?

मुद्रितशोधिका_गिरगाव

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण परिस्थिती नीट कळली नाही तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळं लिहिते.

मी घरून मुद्रितशोधन करते. सध्या एका जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं काम हातात आहे. मूळ छपाई १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची, त्यामुळे पानभर 'केलें', 'घरांत', 'त्याचें' असं लेखन. प्रकाशकांना ते जसंच्या तसं हवं आहे. डावीकडे जुन्या पानाचं स्कॅन, उजवीकडे नवी जुळणी, आणि अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. 'केलें'मधला अनुस्वार मात्रेच्या टोकाला चिकटून बसतो, त्यामुळे नजर जरा थकली की 'केले' आणि 'केलें' सारखंच दिसायला लागतं.

लॅपटॉप १४ इंची, विंडोज ११. एचडीएमआयवर २४ इंची फुल एचडी मॉनिटर आहे. शिवाय भावाकडून आलेला जुना १९ इंची, त्याला फक्त व्हीजीए आहे, म्हणून यूएसबी-सीच्या कन्व्हर्टरने जोडला आहे. त्यावर शब्दकोश आणि मेल.

पहिली अडचण उजेडाची. आमची चाळीतली खोली, टेबल गॅलरीच्या दाराला लागून. सकाळी उजेड बेताचा असतो, चारच्या सुमाराला चौपाटीच्या बाजूचं ऊन सरळ आत येतं, साडेसातनंतर ट्यूबलाइट. त्यात आता पावसाळा. भर दुपारी दोनला दिवा लावावा लागतो आणि दहा मिनिटांनी पुन्हा लख्ख. मॉनिटर फळीवर भिंतीला खेटून आहे आणि त्याची कळ पाठीमागे. हात मागे घालून चाचपडायचं, मेनू, मग पिक्चर, मग ब्राइटनेस, मग एकेक करत खाली. दिवसातून पाच-सहा वेळा हे कोण करणार? शेवटी ९० वर ठेवून तसंच काम करत राहिले आणि आता रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. कीबोर्डवरच्या सूर्याच्या कळीने फक्त लॅपटॉपचा पडदा बदलतो.

मध्ये एका ओळखीच्यांनी पडदा मंद करणारा छोटा प्रोग्राम टाकून दिला. तीन दिवस फार बरं वाटलं. चौथ्या दिवशी कागदावर प्रत काढून तपासली, तर एकाच प्रकरणात ११ अनुस्वार माझ्या नजरेतून सुटलेले. तेव्हापासून तो बंद आहे. असं का झालं असेल, हे मला खरोखर समजून घ्यायचं आहे.

दुसरी अडचण. संध्याकाळी टेबल मुलाच्या अभ्यासाला लागतं, म्हणून वायरी काढून लॅपटॉप आत नेते. सकाळी जोडला की सगळ्या विंडो लॅपटॉपच्याच पडद्यावर एकावर एक. स्कॅन इकडे, जुळणी तिकडे, शब्दकोश खाली, हे सगळं मांडण्यात रोज पंधरा मिनिटं जातात. यावर काही उपाय?

प्रीप्रेस_लोअरपरळ

ताई, प्रीप्रेसमध्ये, म्हणजे छपाईच्या आधीच्या तयारीच्या कामात, माझी वीस वर्षं झाली, म्हणून तुमचे ते ११ अनुस्वार वाचून पोटात गोळा आला. आधी त्याचंच कारण सांगतो.

मॉनिटरमध्ये मागे दिवे असतात आणि पुढे पिक्सेलचा पडदा. मॉनिटरचा स्वतःचा ब्राइटनेस कमी केला की मागचे दिवे मंद होतात. काळं आणि पांढरं दोन्ही एकाच प्रमाणात उतरतात, त्यामुळे दोघांतलं गुणोत्तर जवळपास तेवढंच राहतं. तुम्ही वापरलेल्या प्रोग्रामसारखे बरेच प्रोग्राम दिव्याला हातच लावत नाहीत. ते चित्रावर काळपट ओढणी टाकतात. मागचा दिवा ९० वरच जळतोय आणि पुढे पांढऱ्याचं राखाडी झालंय. एका रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. पडदा निम्म्यावर आणला की त्यातल्या साधारण निम्म्याच हातात उरतात. अक्षराची कड गुळगुळीत दिसावी म्हणून जे फिकट राखाडी पिक्सेल असतात, ते या कमी झालेल्या पायऱ्यांत एकमेकांत मिसळतात. पान १०० टक्क्यांवर असेल तर अनुस्वार म्हणजे जेमतेम दोन पिक्सेलचा ठिपका. तो मात्रेत विरघळला. तुमच्या नजरेचा त्यात दोष नाही.

तेव्हा दिवाच मंद करायचा, आणि तो कॉम्प्युटरवरून करता येतो. डीडीसी/सीआय नावाची सोय आहे, व्हेसा या संस्थेने १९९८ मध्ये ठरवलेली. केबल लावल्यावर मॉनिटर आपलं मॉडेल आणि रेझोल्युशन कॉम्प्युटरला सांगतो ना, ते ज्या दोन बारीक तारांवरून जातं, त्याच तारांवरून कॉम्प्युटर उलटा हुकूमही देऊ शकतो: ब्राइटनेस ४० कर, इनपुट बदल वगैरे. बहुतेक मॉनिटरमध्ये ही सोय असते, फक्त विंडोजचं नेहमीचं स्लायडर लॅपटॉपच्या आतल्या पॅनेलपुरतं असल्यामुळे आपल्याला पत्ता नसतो.

एकदा शेवटचा हात मागे घाला आणि मॉनिटरच्या मेनूत डीडीसी/सीआय शोधा. 'सेटिंग', 'सिस्टिम', 'अदर' अशा कुठल्या तरी कप्प्यात असेल. ते ऑन करा. त्याच मेनूत इको मोड, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, वाचनासाठीचा खास मोड यांपैकी काही चालू असेल तर बंद करा, कारण ते चालू असताना बरेच मॉनिटर ब्राइटनेसला कुलूप लावतात.

मग ट्विंकल ट्रे घ्या. फुकट आहे, मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर मिळतो. खाली घड्याळाजवळ त्याचं चिन्ह येतं, त्यावर क्लिक केलं की प्रत्येक मॉनिटरचं वेगळं स्लायडर. त्यात हॉटकी, म्हणजे कीबोर्डवरच्या ठरवून दिलेल्या कळी, लावता येतात आणि ठरावीक वेळी आपोआप बदलायचीही सोय आहे. तुमच्याकडे ढग असे येत-जात असताना वेळापत्रकाचा फारसा उपयोग नाही, हॉटकीच लावा. मॉनिटोरियन हाही असाच साधा प्रोग्राम आहे, एक जमला नाही तर दुसरा बघा.

किती ठेवायचा? आकडा विचारू नका, कागद धरा. छापील प्रुफाचा कोरा भाग पडद्याशेजारी धरायचा आणि पडद्यावरचं पांढरं त्या कागदाइतकं उजळ दिसेपर्यंत खाली आणायचं. पडदा दिव्यासारखा वाटला तर जास्त आहे, कळकट वाटला तर कमी. कॉन्ट्रास्टला हात लावू नका, तो कंपनीने दिलेल्या आकड्यावरच बरा असतो.

१९ इंचीबद्दल मात्र फार आशा ठेवू नका. व्हीजीएच्या तारेतही या दोन तारा असतात, पण मधला कन्व्हर्टर बहुतेक वेळा मॉनिटरची ओळख तेवढी पुढे देतो, हुकूम अडवतो.

ताळेबंद_बोरिवली

विंडोंबद्दल मी सांगते. मार्च महिन्यात माझ्याकडेही खातेवही, बँकेचं स्टेटमेंट आणि एक्सेल अशी तीन-तीन पानं सतत समोर लागतात.

आधी विंडोजमध्येच बघा. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, त्यात 'मल्टिपल डिस्प्लेज'. तिथे मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवायचा पर्याय आहे आणि मॉनिटर काढल्यावर त्याच्यावरच्या विंडो मिनिमाइझ करायचा दुसरा. दोन्ही चालू हवेत. मग वायर काढली की त्या खाली जातात आणि जोडली की आपापल्या जागी परत येतात. पण त्यासाठी प्रोग्राम उघडे राहायला हवेत. तुम्ही रात्री लॅपटॉप शटडाउन करता का? करत असाल तर सगळं विसरतो. त्याऐवजी स्लीप करून बघा.

दुसरं, मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज टाका, हेही फुकट. त्यात फॅन्सीझोन्स आहे. पडद्यावर तुम्हाला हवे तसे कप्पे आखायचे आणि शिफ्ट दाबून विंडो ओढली की ती कप्प्यात चपखल बसते. विंडोज बटण आणि झेड दाबून येणारे तयार कप्पेही आहेत, पण ते ठरावीक मापाचे. तुम्हाला दोन पानं अगदी सारख्या रुंदीची हवी असणार आणि खाली टिपणांना बारीक पट्टी, तर स्वतः आखलेलं बरं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. एखादा प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालत असेल तर फॅन्सीझोन्स त्याला हलवू शकत नाही. आमचं जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर कप्प्यात जाता जाईना, मी दोन दिवस डोकं फोडलं. पॉवरटॉइजही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवल्यावर लगेच गेलं. जुळणीची जुनी सॉफ्टवेअरं अशी चालवतात असं ऐकलंय, म्हणून सांगितलं.

आणि शटडाउन करणं भागच असेल तर पॉवरटॉइजमध्येच वर्कस्पेसेस आहे. एकदा सगळं मनासारखं मांडायचं, ते टिपून ठेवायचं, आणि सकाळी एका क्लिकमध्ये सगळे प्रोग्राम त्या त्या जागी उघडतात.

उबुंटू_मुलुंड

कोणी लिनक्सवाले हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: आपल्याकडे याच कामाचा डीडीसीयूटिल नावाचा प्रोग्राम आहे. टर्मिनलमध्ये 'डिटेक्ट' दिलं की कुठला मॉनिटर हुकूम ऐकतो ते लगेच कळतं. ब्राइटनेसचा कोड १०, कॉन्ट्रास्टचा १२. आयटूसीची (वर सांगितलेल्या त्या दोन तारांच्या मार्गाची) परवानगी आपल्या युजरला द्यायला विसरू नका, नव्वद टक्के लोक तिथेच अडकतात. मॅकवर मॉनिटरकंट्रोल.

ताई, २४ इंची उभा फिरवून पूर्ण पान बघायचा विचार असेल तर एक सांगतो. विंडोजचं क्लिअरटाइप पिक्सेलमधले लाल-हिरवे-निळे भाग आडवे शेजारी आहेत असं धरून अक्षर रंगवतं. मॉनिटर फिरवला की ते भाग एकाखाली एक येतात आणि अक्षरांच्या कडांना रंगाची झाक दिसते. तसं वाटलं तर क्लिअरटाइप बंद करून बघा.

मुद्रितशोधिका_गिरगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस करून बघितलं, काय झालं ते लिहिते.

२४ इंचीच्या मेनूत डीडीसी/सीआय 'अदर'मध्ये होतं आणि बंद होतं. इको मोड चालू होता, तो काढला. ट्विंकल ट्रेमध्ये मॉनिटर लगेच दिसला. हॉटकी लावल्या आहेत, एका दाबात दहा-दहाने वर-खाली. काल दुपारी ढग आले तेव्हा नजर ओळीवरून न हलवता ६० चा ३० केला. दादा, कागद धरून बघायची युक्ती तर फारच कामाची आहे. माझा ९० कागदापेक्षा किती पुढे होता ते पहिल्यांदा दिसलं. ट्यूबलाइटमध्ये आता २५ पुरतो.

१९ इंची तुम्ही म्हणालात तसाच, यादीत येतच नाही. त्याचा ब्राइटनेस हाताने एकदा उतरवला आणि तो गॅलरीकडे पाठ करून ठेवला. त्यावर फक्त शब्दकोश असतो, चालून जाईल.

विंडोंचं म्हणाल तर ताई, मी रोज शटडाउनच करत होते. आता स्लीप करते आणि सकाळी वायर जोडली की स्कॅन आणि जुळणी दोन्ही जागेवर. कप्पेही आखले. वर्कस्पेसेसही करून पाहिलं, पण त्याने प्रोग्राम रिकामा उघडला, फाइल नाही.

एक शंका राहिली. रात्री २० च्या खाली नेलं की अर्ध्या तासात कपाळ दुखायला लागतं. माझ्या मनाचा खेळ आहे की खरंच काही आहे?

ताळेबंद_बोरिवली

वर्कस्पेसेसमध्ये ती मांडणी एडिट करायला घ्या. प्रत्येक प्रोग्रामखाली आर्ग्युमेंटची जागा आहे, तिथे फाइलचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत घाला. मग तीच फाइल उघडेल. रोज एकच पुस्तक असेल तर एवढी मेहनत एकदा करून ठेवायला हरकत नाही.

प्रीप्रेस_लोअरपरळ

मनाचा खेळ म्हणून सोडून देऊ नका. काही मॉनिटर दिवा मंद करायला तो सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करतात. ब्राइटनेस जितका कमी तितका दिवा जास्त वेळ बंद. उघड दिसत नाही, पण काहींना त्याने डोकेदुखी होते. घरी तपासायचं असेल तर खोलीतला दिवा घालवा, पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस २० वर आणा आणि पडद्यासमोर पेन पंख्यासारखं जोरात हलवा. पेनाचा सलग धूसर पट्टा दिसला तर मॉनिटर ठीक. सुट्टी सुट्टी अनेक पेनं दिसली तर दिवा लुकलुकतोय.

लुकलुकत असेल तर ३५-४० च्या खाली जाऊ नका, त्याऐवजी खोलीतला उजेड वाढवा. मॉनिटरच्या मागे भिंतीवर उजेड पडेल असा एखादा पांढरा दिवा लावा. लॅमिंग्टन रोड तुमच्या पायाखालचा आहे, तिथे मिळेल. कागद पुन्हा धरून बघा, मागे उजेड वाढला की ४० सुद्धा कागदाशी जुळेल.

मुद्रितशोधिका_गिरगाव

आत्ता केलं. पाच-सहा पेनं दिसली, अगदी वेगवेगळी. मुलालाही दाखवलं, त्यालाही दिसली.

उद्या सकाळी लॅमिंग्टन रोडला जाऊन येते. ते ११ अनुस्वार ज्या प्रकरणातले, ते आज ४० वर, दोनशे टक्के मोठं करून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. बारावाही सापडला, पान ७४ वर, 'पाहिलें'.