बॅटलझोन ९८ रिडक्स: गनटॉवर गप्प, स्क्रॅप संपलेला

गंगापूररोड_गेमर:
मंडळी, शूटिंग आणि स्ट्रॅटेजी एकत्र असलेला जुना गेम हवा होता, म्हणून १९९८ च्या बॅटलझोनची २०१६ मधली रिडक्स आवृत्ती घेतली. रणगाडा चालवायला जमतो, तळ मात्र टिकत नाही. गनटॉवर (तळ राखणारा तोफेचा मनोरा) बांधला तरी गोळी झाडत नाही आणि स्क्रॅप, म्हणजे बांधकामाला लागणारं भंगार, मध्येच आटतो. रविवारी सातपूरला आम्ही चौघं जमतोय. चौघांना पुरेल असं या धाटणीचं आणखी काही आहे का?

गोदाकाठ:
टॉवर गप्प म्हणजे त्याला वीज नाही. आधी कन्स्ट्रक्टरकडून (बांधकाम करणारी गाडी) पॉवर जनरेटर बांधून घ्या, मग त्याच्या आवाक्यात टॉवर. कॉम टॉवरचंही तेच, वीज नसेल तर उपग्रहातून नकाशा दिसत नाही. जनरेटर फुटला की सगळे टॉवर एकदम थंड पडतात. म्हणून तो डोंगराच्या आडोशाला ठेवा, टॉवर पुढे.

स्क्रॅपचं गणित जास्त महत्त्वाचं. रिसायकलर (गाड्या बनवणारा मुख्य कारखाना) गायझरवर, म्हणजे जमिनीतल्या वाफेच्या झऱ्यावर, बसला की आधी दोन स्कॅव्हेंजर (स्क्रॅप गोळा करणाऱ्या गाड्या) काढा, रणगाडे नंतर. ढीग लांब असेल तर स्कॅव्हेंजरचा निम्मा वेळ ये-जा करण्यात जातो. ढिगाजवळच सायलो (स्क्रॅपचं कोठार) बांधा, माल तिथेच उतरतो आणि साठवणही वाढते. आणि फुटलेल्या गाड्यांचाही स्क्रॅप होतो! शत्रूच्या दारात तीन रणगाडे गमावलेत तर ते त्याच्या तिजोरीत जमा. लढाई आपल्या सायलोपाशी ओढून आणा.

पंचवटी_७७:
वरचं अगदी बरोबर. भर एवढीच: गाडी फुटली की खेळ संपत नाही. तुम्ही बाहेर फेकले जाता, हातात स्नायपर रायफल असते. शत्रूचा रणगाडा थांबून तुमच्याकडे तोंड करून उभा असेल तेव्हा कॉकपिटवर नेम धरा. पायलट मेला की गाडी शाबूत राहते, तीच घेऊन निघा. चालत्या गाडीवर गोळी वाया घालवू नका.

दुसऱ्या गेमचं म्हणाल तर हॉस्टाइल वॉटर्स (२००१) सुंदर आहे, पण एकट्याने खेळायचा. नॅचरल सिलेक्शन २ मध्ये एक कमांडर वरून बघतो, बाकीचे जमिनीवर लढतात. तिथे दोन्हीकडे भरपूर माणसं लागतात. चौघांत दोन्हीकडे एकेक कमांडर बसवला तर प्रत्येक बाजूला लढायला एकच उरतो. रविवारी बॅटलझोनच खेळा, दोघांविरुद्ध दोघं. जोडीतल्या एकाने सुरुवातीला फक्त स्कॅव्हेंजर राखायचे.