200 एमबीपीएसच्या जोडणीसाठी नवा वेगवान राउटर घ्यावा का?

दांडियाबझारकर (प्रश्न)
आमचे घर बडोद्याच्या दांडिया बझारात असून ते जुन्या पद्धतीचे, रस्त्याकडे अरुंद आणि आत लांबच लांब गेलेले आहे. फायबर पुढच्या खोलीत येते, राउटर तिथेच कपाटावर आहे, आणि माझी कामाची जागा देवघरापलीकडच्या मागच्या खोलीत. जोडणी 200 एमबीपीएसची असूनही राउटरशेजारी बसून मोजले तरी वेग 94 च्या वर कधी जात नाही, आणि मागच्या खोलीत तर तो 8-10 वर येतो. राउटर सात वर्षांपूर्वीचा 'एसी 1200' आहे. दुकानदार वाय-फाय 6 चा 'एएक्स 3000' सुचवतात. खर्चाला ना नाही, पण मागच्या खोलीत फरक पडणार नसेल तर तो कशासाठी करायचा?

तारवाला
94 हा आकडा वाचूनच मी थबकलो, कारण 100 एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टमधून (तार लावायच्या खाचेतून) प्रत्यक्षात एवढाच वेग मिळतो. 'एसी 1200' म्हणजे वाय-फायच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरींचे 300 आणि 5 गिगाहर्ट्झ लहरींचे 867 एमबीपीएस यांची फुगवून केलेली बेरीज. त्या वर्गातल्या बऱ्याच स्वस्त राउटरांना मागे पोर्ट मात्र 100 चेच असत. टाकीचा नळ मोठा, पण टाकीत पाणी आणणारी नळी बारीक, असा हा प्रकार आहे. फायबरच्या पेटीतून निघणारी तार थेट गिगाबिट (1000 एमबीपीएसचे) पोर्ट असलेल्या लॅपटॉपला लावून पाहा. लॉगिन राउटरमध्ये भरलेले असेल, तर ते तात्पुरते लॅपटॉपवर भरावे लागेल. तरीही 94 च आले, तर आधी तार बदला. गिगाबिटला तारेतल्या चारही जोड्या लागतात आणि त्यातली एखादी सुटली की जोडणी गुपचूप 100 वर उतरते. माझ्याकडे कनेक्टरमधली तपकिरी तार निसटली होती आणि मी महिनाभर नेटवाल्यांशी भांडत होतो!

'एएक्स 3000' मधला 3000 हासुद्धा 574 आणि 2402 यांच्या बेरजेतून येतो. त्यातले 2402 मिळायला फोनला 160 मेगाहर्ट्झ रुंदीचा लहरींचा पट्टा चालावा लागतो; 80 वर चालणारा, दोन अँटेनांचा वाय-फाय 6 फोन 1201 वर थांबतो. तुमच्या 200 साठी दोन्ही आकडे सारखेच निरुपयोगी आहेत.

रावपुरा_७
वरील उत्तर पुढच्या खोलीपुरते बरोबर आहे, पण प्रश्न मागच्या खोलीचा आहे आणि तिथे अडचण भिंतींची आहे. जुन्या घरांच्या जाड विटांच्या दोन-तीन भिंती ओलांडताना 5 गिगाहर्ट्झचा जीव जातो, 2.4 त्यातून जाते, पण त्यात एकमेकांना न छेदणारी 1, 6 आणि 11 अशी तीनच चॅनेल आहेत आणि दाट वस्तीत ती शेजाऱ्यांनी भरलेली असतात. नवा राउटर भिंत पातळ करणार नाही. मागच्या खोलीपर्यंत कॅट 6 (गिगाबिट चालणारी) तार ओढा आणि तिथे तुमचा जुनाच राउटर ॲक्सेस पॉइंट (तारेने आलेले नेट नुसते वाय-फायवर देणारा डबा) म्हणून लावा: त्याचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम) बंद करा, आयपी पत्ता बदला आणि तार वॅनमध्ये (बाहेरचे नेट घ्यायच्या पोर्टात) न घालता लॅनच्या (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टात घाला. मीटिंगला 100 चे पोर्ट भरपूर झाले.

निनावी
तारांचे जंजाळ कशाला, मेश (एकमेकांशी जोडलेले वाय-फायचे दोन-तीन डबे) घ्या की.

रावपुरा_७
बिनतारी मेशचा दुसरा डबा त्याच भिंतींमधून सिग्नल घेणार. वाटेत मधली खोली आणि जवळ प्लग असेल तरच त्याचा विचार करावा.

दांडियाबझारकर
थेट लॅपटॉपवर 196 आले, म्हणजे दोष राउटरच्याच पोर्टाचा होता. 'एएक्स 3000' न घेता गिगाबिट पोर्टांचा वाय-फाय 6 मधला साधा राउटर घेतला आणि जुना मागे लावला. आता मागच्या खोलीत 90 च्या आसपास मिळतात. आईने देवघराच्या चौकटीवरून तार नेऊ दिली नाही, त्यामुळे ती माळ्यावरून फिरवावी लागली आणि 15 मीटरऐवजी 22 मीटर लागली.