चार सुट्ट्या, चौदा माणसं. २०२६ ची यादी कशी करायची?

वालीवचा_गोडाऊनवाला

नमस्कार मंडळी, डिसेंबर आलाय आणि पार्टनरने माझ्या टेबलावर कोरा कागद ठेवलाय, "पुढच्या वर्षीच्या सुट्ट्या लिही" म्हणून. वसई पूर्वेला आमचं छोटं ट्रान्सपोर्ट आणि बिलिंगचं ऑफिस आहे, चौदा माणसं. सात हिंदू (त्यातला एक गुजराती, दोन तळकोकणातले), तीन वसईतलेच ख्रिस्ती, दोन मुसलमान, दोन बौद्ध. मुद्दाम मोजून घेतलेली नाहीत, वसईत ऑफिस काढलं की अशीच जमतात.

यंदा आम्ही गणेश चतुर्थी, लक्ष्मीपूजन, पाडवा आणि नाताळ अशा चार दिल्या आणि समतोल म्हणून वरून एक ईद-ए-मिलाद. मी मनात खूष होतो की बघा कसं सगळ्यांचं केलं. प्रत्यक्षात काय झालं तर मुंबईत विसर्जन आणि जुलूस एकामागोमाग येऊ नयेत म्हणून सरकारने ईदची सुट्टी ५ सप्टेंबरवरून ८ ला नेली, पण ती फक्त मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यापुरती. आम्ही पालघर जिल्ह्यात, म्हणजे आमची ५ लाच. क्लायंट अंधेरीला, त्याची ८ ला. शुक्रवारी तो फोन करतोय तर आमचं शटर खाली, सोमवारी आम्ही फोन करतोय तर तिकडे कुणी उचलत नाही. आणि आमच्या बिलिंगमधल्या मुलाला जुलूससाठी भायखळ्याला जायचं होतं ८ ला, त्या दिवशी तो माझ्यासमोर बसून ई-वे बिलं काढत होता.

पण खरी चूक ती नाही. संध्याकाळी चहाला तोच म्हणाला, "सर, मिलादचं ठीक आहे हो, विचारलं असतंत तर मी रमजान ईद मागितली असती." यंदा रमजान ईद ३१ मार्चला होती. ३१ मार्च म्हणजे इयर एंडिंग, मी कुणालाच सुट्टी दिली नव्हती. ते दोघं सकाळी नमाज पढून, नवीन कपड्यात, अकरा वाजता कामावर हजर. मी शीरखुर्म्याचा डबा पण खाल्ला वर.

तर आता नीट करायचंय. कायद्याने किती द्याव्या लागतात आणि चारात सगळे कसे बसवायचे?

कागदीघोडा

ठाण्यात कंप्लायन्सचं काम करतो म्हणून आधी कोरडं सांगून टाकतो. लोकांचा एक मोठा घोळ असतो की सरकारी यादीत २४ सुट्ट्या आहेत म्हणजे त्या सगळ्यांना लागू. तसं नाही. ती यादी निघते १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टखाली, म्हणजे मुळात हुंडी, चेक, बँका यांच्यासाठी. सरकारी ऑफिसं ती पाळतात, तुमच्यावर ती बंधनकारक नाही.

तुमच्यासारख्यांना आधी लागू होता महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ चा, दहा किंवा जास्त माणसं असली की; २०२५ च्या दुरुस्तीने ती मर्यादा वीस झालीय, म्हणजे चौदा माणसांवर तो आता बंधनकारक नाही, पण नमुना म्हणून तोच धरा. त्यात वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आणि उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी आपसात ठरवायच्या, वर्ष सुरू व्हायच्या आधी. हे आपसात ठरवणं कुणीच करत नाही हो. मालक गेल्या वर्षीची फाईल उघडतो, तारखा बदलतो, प्रिंट काढून नोटीस बोर्डावर. तुम्हीही तेच केलंत, फक्त मन चांगलं ठेवून केलंत.

तेव्हा कोरा कागद तुमच्या टेबलावर नको, चौदा जणांच्या मधे ठेवा. ठरेल त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या, ३१ डिसेंबरच्या आत. या आठशिवाय कायद्याने आठ कॅज्युअल लीव्ह पण आहेत, त्या सणाच्या हिशोबात धरू नका, ती वेगळी गोष्ट. बरेच मालक दोन्हीची भेसळ करतात.

तात्या_विंचूरकर

सुट्ट्याच बंद करा सगळ्या. ज्याला सण करायचाय त्याने संध्याकाळी घरी करावा. २०२२ च्या जानेवारीत मुंबई हायकोर्टानेच म्हटलंय की सार्वजनिक सुट्टी हा काही मूलभूत हक्क नाही आणि सुट्ट्या आधीच जास्त झाल्यात. जपानी माणूस बघा.

कागदीघोडा

तात्या, ती केस दादरा नगर हवेलीची, २ ऑगस्टच्या मुक्तिदिनाची सुट्टी यादीतून काढली म्हणून कुणी कोर्टात गेलं होतं. सरकारने कुठली सुट्टी जाहीर करावी याबद्दलची गोष्ट ती. इथल्या आठ सुट्ट्यांचा हिशोब दुकाने कायद्यातला, त्याचा त्या केसशी संबंध नाही. आणि जपानी माणसाला वर्षाला सोळा सरकारी सुट्ट्या असतात, त्याला मधे आणू नका.

मुरुडची_भाची

गोडाऊनवाले दादा, डब्याचं वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. आम्ही कोकणी मुसलमान, माहेर मुरुडचं, मी पनवेलला एका लॅबमध्ये आहे. दोन गोष्टी सांगते ज्या मालक लोकांना लक्षात येत नाहीत.

एक म्हणजे तारीख छापू नका. २०२६ ला रमजान ईद २० किंवा २१ मार्चला येईल, सरकारी यादीत २१ आहे, पण चांद दिसेल त्यावर. आमच्याकडे दर वर्षी हा तमाशा, आदल्या रात्री आठ वाजेपर्यंत कुणाला माहीत नसतं आणि ऑफिसचा ग्रुप विचारतोय "कन्फर्म सांगा उद्या येणार का". अगं बाई, मलाच कन्फर्म नाही, आमच्या घरात अजून मामू गच्चीवर आहेत! म्हणून यादीत फक्त "रमजान ईद" लिहा, आणि कंसात चंद्रदर्शनानुसार. संपला विषय.

दुसरं म्हणजे सुट्टीपेक्षा जास्त उपयोगाचं. रमजानच्या महिन्यात रोजेदाराला संध्याकाळी अर्धा तास लवकर सोडा, हवं तर सकाळी अर्धा तास आधी बोलवा. विरार लोकलच्या गर्दीत खजूर तोंडात टाकून रोजा सोडणं काय असतं ते एकदा विचारा त्या मुलाला. माझ्या आधीच्या ठिकाणी ईदची सुट्टी मिळायची, पण पूर्ण महिना सात वाजेपर्यंत बसवायचे. आत्ताच्या लॅबमध्ये मॅडम स्वतः म्हणाल्या साडेपाचला निघ. मला विचाराल तर दुसरं जास्त मोलाचं.

म्हापशेकर

गोव्यातून लिहितोय, आमच्याकडे हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या अदलाबदलीने सुटलाय. माझ्या काकांचं म्हापशात औषधाचं दुकान, ते बंद ठेवून चालत नाही. तिथे चवथीचे दोन दिवस काउंटरवर सगळे कॅथलिक, आणि नाताळला नि ३ डिसेंबरच्या गोंयच्या सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताला सगळे हिंदू. कुठे लिहून ठेवलेलं नाही. चवथीला जो उभा राहतो त्याच्या घरी नेवऱ्या पोचतात, नाताळाला उलट दिशेने दोदोल येतो.

अर्थात सण इतके सरळ वाटून घेतलेले पण नसतात. आमच्या म्हापशाची मिलाग्रीस सायबीण (चर्चमधली मेरी माता), ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, सात बहिणींतली एक. तिच्या फेस्ताला तेल घेऊन जाणाऱ्या रांगेत हिंदू कितीतरी असतात, माझी आई दर वर्षी जाते. मग त्या दिवशी दुकानात कोण उभं राहणार? तेव्हा काकाच उभे राहतात आणि दिवसभर कुरकुरतात.

एकदा जवळच्याच एका मोठ्या ऑफिसात बाहेरून नवीन मॅनेजर आला, त्याने शिस्त म्हणून ही अदलाबदल बंद केली, सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी. पहिल्याच चवथीला ऑफिस दोन दिवस पूर्ण बंद, आणि कॅथलिक स्टाफ घरी बसून कंटाळला! पुढच्या वर्षी गुपचूप जुनं सुरू.

कडेगावचा_पाव्हणा

म्हापशेकर, भारी. आमच्या सांगलीकडे तर वाटणी करायची म्हटली तरी होत नाही, कारण कुठला सण कुणाचा हेच सांगता येत नाही. कडेगावचे उंच ताबूत ऐकले असतील, मोहरमचे, त्यात हिंदूंचे मान ठरलेले आहेत. गोटखिंडीत गणपती मशिदीत बसतो, कुरुंदवाडातही. मोहरमला चोंगे आमच्या घरी पण होतात, आज्जी लाटून त्यावर ठसा उठवायची. २०१८, १९ आणि २० अशी सलग तीन वर्षं मोहरम आणि गणपती एकत्र आले होते, तेव्हा आमच्या गल्लीत पीर आणि गणपती एकाच मांडवात, एकाच वायरीवर लाईट, बिल अर्धं अर्धं. वर्गणी मागायला पोरं तीच, पावतीपुस्तकं दोन.

मुद्दा असा की हे दर वर्षी सरकत राहतं. त्यांचं वर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे सण दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो, आपल्याकडे अधिक महिना टाकून परत जागेवर ओढतात. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे म्हणून गणपती थेट १४ सप्टेंबरला गेलाय आणि मिलाद ऑगस्ट अखेरीस, म्हणजे तुमचा अंधेरीवाला घोळ २०२६ ला होणार नाही. अजून बघा, बुद्धपौर्णिमा १ मे ला आलीय, ती महाराष्ट्र दिनात फुकट. दसरा २० ऑक्टोबर, मंगळवार, तो एकाच दगडात दोन, कारण धम्मचक्र प्रवर्तन दिनही बरेच जण दसऱ्यालाच धरतात, १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा विजयादशमीच होती. लक्ष्मीपूजन रविवारी, महाशिवरात्र पण रविवारी. यादी दर वर्षी नव्याने बसून करावी लागते ती म्हणून, गेल्या वर्षीची कॉपी मारून जमत नाही.

दादर_पारशी_कॉलनी

आमची आठवण कुणी काढत नाही म्हणून मीच काढतो. शहेनशाही कॅलेंडरला लीप इयर नाही, त्यामुळे आमचं नवीन वर्ष दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकतं. २०२४ पासून २०२७ पर्यंत ते १५ ऑगस्टलाच आहे, म्हणजे चार वर्षं आमची सुट्टी स्वातंत्र्याने खाल्ली. आणि कृपा करून त्या दिवशी "पतेतीच्या शुभेच्छा" म्हणू नका, पतेती आदल्या दिवशी, ती पश्चात्तापाची. शुभेच्छा कसल्या देताय! 🙂

वालीवचा_गोडाऊनवाला

धन्स सगळ्यांना. शनिवारी बसलो सगळे, वडापाव मागवले, कागद मधे ठेवला. अपडेट देतो.

ठरलं असं की गणेश चतुर्थी आणि दिवाळीचा पाडवा (१० नोव्हेंबर) या दोन दिवशी ऑफिस पूर्ण बंद, कारण त्या दिवशी गाड्याच मिळत नाहीत. उरलेल्या दोन ज्याच्या त्याच्या मर्जीच्या. त्याने आत्ताच लिहून द्यायच्या, बाकीच्यांनी त्या दिवशी त्याचं टेबल सांभाळायचं. म्हापशेकरांची आयडिया सरळ ढापलीय.

बौद्ध मंडळींनी एका मिनिटात लिहिलं, १४ एप्रिल आणि दसरा. ख्रिस्ती तिघांनी नाताळ आणि गुड फ्रायडे, त्यातली एक ताई म्हणाली नाताळला तर कुणीही सुट्टी देतं, गुड फ्रायडे मागायला दर वर्षी लाज वाटायची, दिवसभर चर्चमध्ये असतो पण बाहेरच्यांना वाटतं लाँग वीकेंडला गोव्याला चाललेत. मुसलमान दोघांनी दोन्ही ईद, तारखेशिवाय. मिलादचं विचारलं तर म्हणाले मिलादला सुट्टी नको, संध्याकाळी एक तास पुरे. रमजानमध्ये साडेपाचला निघायचं पण ठरलं, ते मुरुडच्या ताईंमुळे.

भांडण झालं ते आमच्या सातांत! तळकोकणवाले दोघं म्हणाले दोन दिवस आम्हाला मर्जीचे कसले देताय, आम्ही गणपतीला आठ दिवस जाणार, सगळं तिथेच लावा. गुजराती भाईला १४ जानेवारीला पतंग उडवायचाय. एकाला होळीच हवी, एकाला गुढीपाडवा (१९ मार्च), एक म्हणतो आषाढीला मी पंढरपूरला जातो ते सुट्टीत कुठे बसतं. दीड तास. बाकीचे सात जण वडापाव खाऊन, चहा पिऊन गंमत बघत होते, शेवटी बिलिंगवाला मुलगाच म्हणाला, "सर, यांचं पण चांद बघून ठरवा."

सह्या झाल्यात. कागदी घोडेसाहेब, दोन्ही दिवस प्रत्येकाच्या नावासमोर लिहिलेत, चालेल ना?

कागदीघोडा

नावासमोर दिवस आणि सही असेल तर माझ्या मते उत्तम. एक प्रत ऑफिसात लावा. बाय द वे, चौदात रात्रीचा वॉचमन धरलाय का? तो कुठला?

वालीवचा_गोडाऊनवाला

अरे देवा. बिहारच्या छपऱ्याचा आहे. छठपूजा राहिली.