मदत हवी आहे: प्रतिकारक गहू, तरी तांबेरा!

रानवाट_कऱ्हाड: तीस गुंठे गहू. रानातनं फिरून आलो की पँट गुडघ्यापर्यंत तांबडी. वाण तांबेऱ्याचा नाही म्हणून दुकानदारानं दिलेला, चार वर्षं घरचं बी धरतोय, कधी ठिपका नव्हता. यंदाच कसा आला? उद्या पंप मारायचाय, पटकन सांगा.

वारणाकाठ: वाण कोणता? पेरणी कधी? पुळ्या पानावर की खोडावर?

रानवाट_कऱ्हाड: पानावर, नारिंगी. पिशवी कुठली राहतेय आता.

आबा_शिराळा: युरिया जास्त झाला. आंबट ताक मारा, आम्ही दरसाल मारतो.

बीजपेटी: आबा, युरियानं रोग वाढतो खरा, पण विचारलंय वेगळंच. तांबेरा हा बुरशीचा रोग; वाण तोच असला तरी बुरशी तीच राहत नाही. प्रतिकार एकाच जनुकावर उभा असेल तर बुरशीतल्या एखाद्या उत्परिवर्तनानं तो निकामी होतो. एसआर 31 हा तांबेरा रोखणारा जनुक जगभरच्या गव्हात होता, युगांडातल्या यूजी 99 या तांबेऱ्याच्या बुरशीनं त्याला दाद दिली नाही.

आबा_शिराळा: ते युगांडाचं इथं आलंय?

बीजपेटी: नाही हो. तो खोडावरचा काळा तांबेरा, ह्यांचा पानावरचा. आपल्याकडं बुरशी निलगिरी-पळणीच्या डोंगरात तग धरते, तिथनं वाऱ्यानं वर येते. महाबळेश्वरात तांबेऱ्याचं संशोधन केंद्र उगीच नाही.

खपलीवाला: म्हणून म्हणतो खपली गहू लावा. काळ्या तांबेऱ्याच्या जाती ओळखायला स्टॅकमन या अमेरिकन शास्त्रज्ञानं जे 12 गहू निवडले, त्यात आपली खपली आहे!

पलूसकर: खपलीला दर काय चाललाय?

वारणाकाठ: दर नंतर. रानवाट, दाणा चिकात आहे का? असला तर प्रोपिकोनॅझोल 25 ईसी हे बुरशीनाशक, 15 लिटरच्या पंपाला 15 मिली. दाणा कडक झाला असेल तर औषधाचे पैसे वाचवा. आणि पेरणीची तारीख अजून सांगितली नाहीत.

रानवाट_कऱ्हाड: चिकात आहे. पेरणी डिसेंबर संपताना, ऊस तुटल्यावर. आणि आत्ता आई म्हणतेय, कणगीतल्या बियाला सोंडे लागलेले, म्हणून तिनं दिवाळीत शेजारनं लोकवन आणून भरलेला. मला आज कळतंय.

बीजपेटी: लोकवन तर तांबेऱ्याला बळी पडतो. त्यात उशिरा पेरा. बुरशीला बदलायची गरजच पडली नाही.

पलूसकर: खपलीचं कुणी सांगितलं नाही.