चाळिशीनंतर नोकरी सोडून सल्लागारी: पहिलं काम कुठून आलं, पहिले पैसे कधी आले?

पंचेचाळिशी-पन्नाशीत नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार झालेले माझ्या ओळखीत आता बरेच जण आहेत. त्यांच्यात ज्ञान कमी पडलं म्हणून अडलेला मला एकही दिसला नाही. माणूस अडतो तो काम झाल्यापासून पैसे हातात पडेपर्यंतच्या काळात. या काळाबद्दल कुणी मोकळेपणाने सांगत नाही, म्हणून हे आवाहन. पहिलं काम कुणी दिलं, पैसे कसे आले आणि मधल्या काळात घर कसं चाललं, ते लिहा. फीचा आकडा नाही लिहिला तरी चालेल. सुरुवात मीच करतो.

भोसरी, गुणवत्ता सल्लागार

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मी गुणवत्ता विभाग सांभाळायचो. पहिलं काम भोसरीच्या एका प्रेसशॉपने, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या कारखान्याने, दिलं. मालक माझ्या जुन्या ओळखीचे, कारण त्यांचा माल आमच्याकडे यायचा आणि तो पास-नापास मी करायचो. मी राजीनामा दिल्याचं कळलं आणि त्यांचाच फोन आला, "साहेब, आयएटीएफचं ऑडिट तोंडावर आलंय, याल का जरा?" (आयएटीएफ म्हणजे वाहन उद्योगातलं गुणवत्तेचं मानक.)

तिथे पहिल्याच दिवशी तपासणीचा तक्ता हातात घेतला. नोंदी तासातासाला व्हायला हव्यात. इथे सगळ्या एकाच पेनाने, शिफ्ट सुटताना एकदम भरलेल्या. नोकरीत असतो तर त्रुटी लिहून निघालो असतो. आता मात्र ऑपरेटरच्या शेजारी उभा राहिलो. माप तपासायचं गेज टूलरूममध्ये कुलपात. ते आणायला गेलं की प्रेस थांबते, प्रेस थांबली की सुपरवायझर ओरडतो. आम्ही गेज प्रेसलाच साखळीने टांगलं आणि नोंदी खऱ्या व्हायला लागल्या. सल्लागाराचं काम काय असतं, हे मला त्या साखळीने शिकवलं.

आता पैशाचं. लाखाचं बिल केलं की त्यातून १० टक्के टीडीएस कापून ९० हजार येतात. कापलेले पैसे बुडत नाहीत, आयकर पोर्टलवरच्या तुमच्या कर-उताऱ्यात दिसतात, पण महिन्याचा हिशेब ९० हजारांवरच मांडायचा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आणि बिलावर १८ टक्के. इंजिनिअर, वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट अशा व्यावसायिकांना आयकरात अंदाजे उत्पन्नावर कर भरायची सोय आहे (१९६१ च्या कायद्यात कलम ४४एडीए). निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवायची, खर्चाच्या पावत्या जपायची कटकट नाही. वर्षाच्या जमेची मर्यादा ५० लाख. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख.

प्रेसशॉपचे मालक मला पैसे देतात ते त्यांना त्यांच्या मोठ्या ग्राहकाकडून मिळाल्यावर. २००६ च्या एमएसएमई कायद्यात ४५ दिवसांची कमाल मुदत आहे, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे, सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. पण तक्रार केली की तो ग्राहक गेलाच समजा. तरी उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद) करा, ती मोफत आहे, आणि क्रमांक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं मुदत उलटून मार्चअखेरही थकलेलं असेल तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजावटीत मिळत नाही, असा आयकराचा नियम २०२३-२४ पासून आहे. तेव्हापासून मार्च आला की ग्राहकाचा सीए स्वतःहून माझ्या बिलाची चौकशी करतो.

निफाड, द्राक्ष सल्लागार

मी शेतीऔषधांच्या कंपनीत होतो. महिन्याचं टार्गेट असायचं, आणि बागेत उभं राहून "दादा, या वेळी फवारायची गरज नाही" असं म्हणायची सोय नव्हती. तेवढं एक वाक्य म्हणता यावं म्हणून मी नोकरी सोडली. हे मी मनापासून लिहितोय.

आमच्याकडे फी एकरावर आणि हंगामावर ठरते. ऑक्टोबर छाटणीपासून माल निघेपर्यंत ठरलेल्या फेऱ्या, आणि पाऊस आला की फेरी नसली तरी फोन. फुलोऱ्यात पाऊस झाला तर रात्री झोप नसते. पानावर तेलकट पिवळा डाग दिसला की पान उलटून बघायचं. मागे पांढरी बुरशी असेल तर डाऊनी, म्हणजे केवडा रोग आहे, वेळ घालवायचा नाही. नसेल तर थांबायचं. कंपनीत असताना दोन्ही वेळी उत्तर एकच होतं.

निर्यातीच्या बागेत जबाबदारी आणखी वाढते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या संजीवकाच्या अंशामुळे युरोपात आपले कंटेनर अडकले, तेव्हा या भागाने काय सोसलं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, हे सांगणाऱ्याने स्वतः औषध विकू नये, असं माझं ठाम मत आहे.

पहिले बागायतदार म्हणजे माझ्या मामाच्या गावचे चार-पाच जण. त्यांची बाग बघून शेजारचे आले. आमच्यात जाहिरात चालत नाही, बांधावरून दिसतं तेच चालतं.

भोसरीच्या दादांनी लिहिलंय तेच इथेही. व्यापारी शेतकऱ्याला देतो, मग शेतकरी मला. व्यापारी पैसे न देता पळाला तर दोघंही बसलो. असं घडलं त्या हंगामात त्या शेतकऱ्याकडे मी फी मागितली नाही. पुढच्या छाटणीला त्यांनी दोन्ही हंगामांची आणून दिली. आता मी थोडी रक्कम छाटणीला, थोडी मणी धरल्यावर आणि बाकीची माल गेल्यावर घेतो. शेतकऱ्यालाही हे जड जात नाही.

डोंबिवली, सल्लागाराची पत्नी

मी सल्लागार नाही, शाळेत शिकवते. पण घर कसं चाललं असं विचारलंय, ते मलाच माहीत आहे.

ह्यांनी सोडायचं ठरवलं तेव्हा मुलगी बारावीला होती. मी एकच अट घातली: वर्षभराचा घरखर्च आणि तिची फी वेगळ्या खात्यात टाकायची, ते खातं माझ्या नावावर, आणि धंद्यासाठी त्याला हात लावायचा नाही. त्यांनी मानलं. त्या खात्यातून एक तारखेला पगारासारखी ठराविक रक्कम घरखात्यात येत राहिली. सासूबाईंना तर बरेच महिने फरकच जाणवला नाही.

खरा त्रास पैशाचा नव्हता. माणूस दिवसा घरी दिसला की लोकांना वाटतं नोकरी गेली. सोसायटीत सेक्रेटरी व्हाल का म्हणून विचारणा, नातेवाइकांची "स्टेशनवर आणायला येतोस ना?", गॅसवाला, प्लंबर, सगळं त्यांच्यावर. शेवटी मी आतल्या खोलीचं दार दहा ते सहा बंद ठेवायला लावलं आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलं, "ते ऑफिसला गेलेत." हे जमलं नाही तर काम मिळूनही काम होत नाही.

ठाणे, पगार आणि कामगार कायदे

मी एचआरमध्ये असताना राजीनाम्याचे अर्ज माझ्याच टेबलावर यायचे. त्यामुळे निघताना काय सुटतं ते मला तोंडपाठ आहे.

सगळ्यात महत्त्वाचा आरोग्य विमा. कंपनीचा ग्रुप विमा शेवटच्या दिवशी संपतो, आणि या वयात मधुमेह किंवा बीपी बहुतेकांच्या कागदावर असतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज नोटीस काळातच करा. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षा काळातून वजा होतात. नव्याने पॉलिसी घेतली तर जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

पीएफ लगेच काढायची घाई करू नका. मात्र नोकरी सुटल्यानंतर मिळणाऱ्या व्याजावर कर लागतो, तेही लक्षात ठेवा. पेन्शन योजनेत १० वर्षं झाली असतील तर त्या भागाचं स्कीम सर्टिफिकेट घ्या. पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होतं. ग्रॅच्युइटी ५ वर्षांनंतर मिळते. महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, त्याचं पीटीईसी हे नोंदणी प्रमाणपत्र काढायचं असतं. पूर्वी हे कंपनी पगारातून कापायची, त्यामुळे बऱ्याच जणांच्या ध्यानात राहत नाही.

माझं पहिलं काम? माझी जुनी कंपनीच. माझ्या जागी माणूस मिळेपर्यंत पगारपत्रकं मी बाहेरून केली.

वाळूज, देखभाल अभियंता

मी परत नोकरीत गेलो, आणि खुशीने गेलो. पैसे बरे मिळत होते. पण सल्लागार सांगतो आणि निघतो. बेअरिंग बदलायला सांगितलं, नंतर मशीन कसं चाललं ते कळायचं नाही. मला रोज सकाळी शॉपमध्ये शिरल्यावर कानाला आवाज लागतो. काहींचा पिंड असाच असतो, हेही इथे नोंदलेलं असावं.

लंडन, बँकिंग प्रणाली

इकडे कंत्राटी सल्लागारांची मोठी परंपरा आहे, आणि २००० सालापासून आयआर३५ नावाचा नियम आहे. तुम्ही कंपनी काढलीत तरी काम नोकरासारखं असेल तर कर नोकरासारखाच. एप्रिल २०२१ पासून खासगी क्षेत्रातही हे ठरवायचा अधिकार मध्यम आणि मोठ्या ग्राहकांकडे गेला. बऱ्याच बँकांनी सरसकट सगळ्यांना नियमाच्या आत ढकललं. म्हणजे कर नोकरीचा, पण हक्काच्या रजा, आजारपणाचा पगार, नोटीस यातलं काही नाही. माझे अनेक मित्र तेव्हा कायम नोकरीत गेले.

मी लहान कंपन्या धरल्या, कारण तिथे नियमाच्या आत की बाहेर हे ठरवणं अजून सल्लागाराच्याच हातात आहे. एका वेळी दोन-तीन ग्राहक ठेवतो. दर कमी आहे, पण सुट्टीत नाशिकला आलो की कुणाची परवानगी काढावी लागत नाही. आई आजारी असताना याची किंमत कळली.

पुणे, नोटीस चालू

वाचतेय. माझी ९० दिवसांची नोटीस आहे. पहिला ग्राहक जवळजवळ नक्की आहे, पण ते म्हणतात कराराची गरज काय, आपण ओळखतो एकमेकांना. काय करू?

भोसरी

ताई, ओळख आहे म्हणूनच करार सोपा जाईल. लेखी असलं तर देण्याची मुदत ४५ दिवसांपर्यंत ठरवता येते, नसलं तर एमएसएमई कायद्याने १५ धरतात. त्यांनाच हे सांगा, करार करण्यात त्यांचाही फायदा आहे. एक पान पुरे: काम काय, दिवस किती, पैसे कधी, प्रवासखर्च कुणाचा, थांबवायचं तर किती दिवस आधी कळवायचं. आणि घराचं कर्ज काढायचं मनात असेल तर पगाराच्या स्लिपा हातात आहेत तोवर काढा. नंतर बँका दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात.