चॅट्सवर्थ हवेली (डर्बीशायर, इंग्लंड): बागेचा इतिहास एका दिवसात कसा पाहावा?

वाटसरू_७७: पुढच्या महिन्यात चॅट्सवर्थला एक दिवस आहे. बाग 105 एकर, सोबत सत्तरीचे आईबाबा. कोणत्या काळात काय झालं ते पाहताना कळावं अशी इच्छा आहे. हवेली आधी करू का?

माळरान: बाग आधी. हवेलीत अडीच-तीन तास सहज जातात आणि मग बाग धावतपळत उरकावी लागते.

सुरुवात सॅलिसबरी लॉन्सपासून करा. 1760च्या दशकात हवेलीचे मालक चौथे ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्यासाठी उद्यानरचनाकार कॅपेबिलिटी ब्राउनने इथले आखीव वाफे आणि गच्च्या काढून उतारावर हिरवळ केली. ही मोकळी जागा मुळातलीच, असं बघणाऱ्याला वाटतं. आधीच्या बागेतलं काय वाचलं ते इथून शोधा: वर 1696ची कॅस्केड (पायऱ्यांवरून वाहणारं पाणी), दक्षिणेला लांबट कॅनॉल पाँड. कॅस्केडच्या पायऱ्यांचे 24 टप्पे एकसारखे नाहीत, म्हणून पाण्याचा आवाज बदलत जातो. पाणी चालू आहे का हे निघण्याआधी संकेतस्थळावर पाहा. दुरुस्तीसाठी ते बंद असू शकतं. गुडघे दुखत असतील तर वरच्या टोकापर्यंत चढू नका, खालूनही रचना कळते.

काचघर: माळरान यांनी पॅक्स्टनला वगळलं! जोसेफ पॅक्स्टन 1826 मध्ये, 23व्या वर्षी, मुख्य माळी झाला. बागेतल्या एम्परर कारंज्यासाठी त्याने टेकडीवर आठ एकरांचा तलाव सहा महिन्यांत खणवला, कारण 1844 मध्ये रशियाचा झार निकोलस येणार होता. तो आलाच नाही. पंप नाही, फक्त उंचीचा दाब, तरी धार 296 फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. जोराचा वारा असला की तुषार दूर उडतात, म्हणून धार कमी ठेवतात. त्या दिवशी खट्टू होऊ नका.

पॅक्स्टनचं ग्रेट कन्झर्व्हेटरी मात्र आता नाही. 277 फूट लांबीचं ते काचघर आठ बॉयलरवर तापायचं आणि कोळसा भुयारी रुळांवरून यायचा. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली, 1920 मध्ये ते पाडलं. त्याच्या पायाच्या भिंतींमध्ये आज भूलभुलैया आहे. लोक खेळून निघून जातात, तुम्ही त्या भिंती नीट बघा. याच माणसाने लंडनच्या 1851च्या प्रदर्शनाची काचेची इमारत, क्रिस्टल पॅलेस, उभी केली.

केळीचाबाग: मराठी वाचकाला एक धागा इथे जवळचा वाटेल. पॅक्स्टनने 1830च्या दशकात मॉरिशसकडून आलेली केळी इथे वाढवली आणि ड्यूकच्या कॅव्हेंडिश घराण्याचं नाव तिला मिळालं. जळगावकडचं जी-9 जातीचं केळं त्याच कॅव्हेंडिश गटातलं.

वाटसरू_७७: मनापासून आभार. हवेली शेवटी ठेवतो. आईबाबांना चालायला सोपं काय?

माळरान: कॅनॉल पाँडचा काठ, तिथे चढ नाही. दक्षिण टोकाला जाऊन मागे वळून पाहा, हवेली पाण्यातून वर आल्यासारखी दिसते. कॅनॉल पाँडसाठी तिथली टेकडी कापली म्हणूनच हा देखावा मोकळा झाला.